तारीख मागे नेलेला हिवाळा

ग्वाल्हेरात हिवाळा आधी कानांना कळतो, अंगाला नंतर. माधवगंजात गजकवाल्यांच्या दुकानांमागे धप् धप् सुरू होतं. गुळाच्या पाकात तीळ घालून तो गोळा लाकडी हातोड्यांनी कुटत असतात. त्या आवाजाला ना ताल ना सूर, पण एकदा कानात शिरला की दिवसभर डोक्यात चालूच राहतो. मग दोन-चार दिवसांनी सकाळी किल्ला दिसेनासा होतो. एरवी आमच्या दर्पण कॉलनीच्या गच्चीवरून तो दिसतो, दिसतो म्हणजे असतो, आपण काही रोज बघत नाही. धुक्यात एवढा मोठा डोंगर गडप होतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. दूधवाला तेवढा उशिरा येतो.

यंदा धप् धप् सुरू झालं त्याच आठवड्यात ऋता आली. ऋता ही माझ्या नणंदेची मुलगी. चंदेरीच्या ओढण्या विकायच्या म्हणून स्वतःची वेबसाइट करायला घेतलीय. सोफ्यावर पाय दुमडून बसली, गजकेचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मामी, तू तो इतने साल हेच काम केलंस ना. मला सांग, फोटो नीट करायला कौनसा सॉफ्टवेअर सीखूँ? एक जण म्हणतो हे शीक, दुसरा म्हणतो वो तो पुराना हो गया. मेरा तो दिमागच बंद पडलाय."

साधा प्रश्न होता. या विषयात माझी हयात गेली. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि उत्तराऐवजी गजकेचा दुसरा तुकडा तिच्यापुढे केला. फार वेळ एका जागी बसलं की पाय बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं. आत स्वयंपाकघरात श्रीकांत, माझे यजमान, मटार सोलत बसले होते. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला असणार, कारण शेंगा मोडण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

हाच प्रश्न घेऊन मी एक अख्खा हिवाळा बसून काढला होता.

राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षीची गोष्ट. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं. श्रीकांत राज्य सरकारच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. काळ्या शाईच्या पेननं ट्रेसिंगच्या कागदावर त्यांनी ओढलेली रेघ बघत राहावी अशी असे, सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला. राज्य वेगळं झालं तेव्हा आम्हाला वाटलं, ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा तेवढा बदलेल. पण मग वाटण्या सुरू झाल्या. जीपा वाटल्या, कपाटं वाटली, टाइपरायटर वाटले, आणि सामान संपल्यावर माणसं. डिसेंबर लागताच श्रीकांतची ऑर्डर आली.

त्या दिवशी ते घरी आले, दारात बूट काढले, मोजे गुंडाळून बुटांत खोचले आणि म्हणाले, "रायपूर."

मी म्हणाले, "पोहे करू का?"

"कर."

मी कांदा चिरला, पोहे भिजवले, वरून कोथिंबीरसुद्धा घातली. आम्ही दोघांनी खाल्ले. मीठ कमी नव्हतं की जास्त नव्हतं. आज वाटतं, निदान ते पोहे तरी बिघडायला हवे होते.

आमच्यात भांडण नव्हतं, हे सांगायला हवं. दोन माणसं गप्प असली की लोकांना वाटतं काहीतरी घडलं असणार. आमच्याकडे मूल झालं नाही. त्यासाठी डॉक्टर झाले, नवस झाले, इंदूरचे एक वैद्य झाले, आणि मग हळूहळू तो विषय काढणंही संपलं. तो संपला तेव्हा त्याच्याबरोबर बाकीचे विषयही कधी उठून गेले ते कळलं नाही. कामाचं बोलणं उरलं. गॅस संपत आलाय. लाइट चालली गेली. ताईंचा फोन आला होता. मला त्याचं दुःखही होत नसे. एकमेकांना त्रास न देता राहणारे दोन भाडेकरू असावेत, तसे आम्ही होतो, आणि भाडेकरू म्हणून दोघंही उत्तम होतो.

त्यामुळे रायपूरला दोघांनी जायचं की त्यांनी एकट्यानं, हे कुणी विचारलं नाही. मी वाट बघत होते, ते म्हणतील, चल. ते बहुधा वाट बघत होते, मी म्हणेन, येते. सभ्य माणसांचा हा मोठा दोष, दारात उभं राहून "आधी आपण, आधी आपण" करत राहतात. सामान बांधलं ते एकाचंच बांधलं गेलं. लोकरीचे कपडे कमी घ्या, तिकडे एवढी थंडी नसते, असं मी म्हणाले. तेवढ्यावर निघणं झालं.

घरात तेव्हा एक कंप्यूटर होता. आला होता श्रीकांतसाठी. ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड जाणार आणि नकाशे कंप्यूटरवर निघणार अशी हवा होती, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी वापरलेला घेतला. पण माउस हातात आला की त्यांची रेघ थरथरायची. ते दोन मिनिटं बघायचे, ओठ घट्ट मिटायचे आणि उठून बाल्कनीत जायचे. मला मात्र तो आवडला. दुपारी कामं आटोपली की मी त्याच्यासमोर बसायची. काढलेलं पुसता येतं, पुसलेलं परत आणता येतं, आणि यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

टोपी बाजारात हरिशंकरजींचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. आमच्या दोन्ही घरच्या कैक पत्रिका तिथे छापलेल्या, त्यामुळे ओळख जुनी. गल्लीत एका बाजूला पगड्या-फेटेवाले, दुसऱ्या बाजूला जरी-गोटेवाले, मधे हे. त्यांनी काउंटरमागे एक कंप्यूटर घेऊन ठेवला होता आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून फुलांचं कापड शिवून घातलं होतं. एकदा मी कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका टाकायला गेले, तर म्हणाले, "भाभीजी, अब सबको वेबसाइट चाहिए. पगड़ीवाले को चाहिए, शामियानेवाले को चाहिए. बनानेवाला तो मिल गया है, फोटो-डिज़ाइन करनेवाला कोई नहीं. आपका हाथ अच्छा है. कोई एक सॉफ्टवेअर पक्का सीख लो, संक्रांत के बाद से आ जाओ."

तर असं होतं. काम धरलं तर ग्वाल्हेर. नाही धरलं तर रायपूर. आणि काम धरण्याआधी एक सॉफ्टवेअर पक्कं करायचं होतं. मी ते पक्कं करायला बसले.

तीन होती. एका मासिकाबरोबर सीडी यायची, तिच्यात तिन्हींचे महिनाभर चालणारे नमुने मिळाले. मी त्यांना नावं ठेवली, थोरलं, मधलं आणि धाकटं. थोरलं म्हणजे ज्याचं नाव आज क्रियापदासारखं वापरतात ते. त्याला सगळं येत होतं, पण आमच्या कंप्यूटरवर ते उघडेपर्यंत चहा होऊन गाळून व्हायचा. मधलं छापखान्यांतलं. पत्रिका, पोस्टर, हँडबिलं सगळी त्यावर निघायची आणि टोपी बाजारात त्याचाच दबदबा होता. त्यात रेघ सुरेख यायची, पण कागदावर शोभणारा लाल पडद्यावर डोळ्यांत खुपायचा. धाकटं चटपटीत होतं. लहान लहान बटणं, चमकणारी अक्षरं, हलणारे दिवे असलं सगळं चुटकीसरशी करून द्यायचं. त्याला खोली नव्हती. पण वेबसाइटला तेव्हा खोली कुठे लागायची! टेलिफोनच्या तारेतून चित्र थेंब थेंब यायचं. जड चित्र असलं की माणूस कंटाळून उठून जायचा. म्हणजे चित्र सुंदर हवं आणि हलकंही हवं.

विचारावं तर प्रत्येकाचं एक मत. हरिशंकरजी म्हणाले, जो छापने में चलता है वही चलेगा. बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, सायबर कॅफेवाल्यानं थोरल्याशिवाय दुसरं नावच घेतलं नाही, बाकीचे सगळे खेळ आहेत म्हणाला. शेजारच्या सप्रे काकूंचा भाचा पुण्याला कंप्यूटरमध्ये होता. काकूंनी त्याला फोनवर विचारलं आणि जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "तो म्हणतो काहीही शिका, पाच वर्षांनी यातलं काही राहणार नाही!" मला वाटतं सगळ्यांत खरं तोच बोलला. पण त्याच्या बोलण्यावरून निवड कशी करणार?

निवड करायची म्हणून मी तिन्हींना एकच काम दिलं. हरिशंकरजींच्या शेजारच्या पगडीवाल्यानं एका फेट्याचा फोटो दिला होता. केशरी फेटा, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, वर जरीचा तुरा, मागे दुकानाची भिंत आणि भिंतीवर गतवर्षीचं कॅलेंडर. फेटा भिंतीपासून वेगळा काढायचा. कडेकडेनं, घडी न् घडी सांभाळत, तुऱ्यातला एकेक धागा वेगळा करत जायचं आणि मागचं सगळं उडवून द्यायचं. उरतो एक फेटा, खाली ठोकळा नाही, मागे भिंत नाही. थोरल्यात हे केलं, मग मधल्यात, मग धाकट्यात. झालं की पुन्हा थोरल्यात. दुपारचं ऊन बाल्कनीतून खोलीत यायचं, माझ्या पायांवर चढायचं, भिंतीवर जायचं आणि संपायचं. मी फेटा कापत असायची. मन लावून करत होते असं कुणाला वाटलं असतं. मन नव्हतंच तिथे. दुसरीकडेही नव्हतं.

महिना संपत आला तसा तिन्ही नमुन्यांनी इशारे द्यायला सुरुवात केली. मुदत संपत आली आहे, विकत घ्या. मी हरिशंकरजींना सांगितलं की माझं अजून ठरत नाही आणि हे तर बंद पडायला आलं. ते हसले. "अरे भाभीजी, कंप्यूटर की तारीख पीछे कर दो. इसको क्या पता बाहर कौनसा महीना है."

तेव्हाची सॉफ्टवेअरं भोळी होती. मी कोपऱ्यातल्या घड्याळावर जाऊन तारीख मागे नेली, नोव्हेंबरात. इशारे गेले. तिन्ही मुकाट्यानं उघडली. मग तो रिवाजच पडला. रोज दुपारी बसले की आधी नोव्हेंबर करायचा आणि मग फेटा काढायचा. बाहेर धुकं, शेगड्या, मटारांचे ढीग, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नोव्हेंबर. त्यानंतर केलेलं माझं सगळं काम त्याच महिन्याच्या तारखांनी साठवलं गेलं. नोव्हेंबरात ऑर्डर आलेली नव्हती. नोव्हेंबरात श्रीकांत संध्याकाळी घरी यायचे आणि बुटांत मोजे खोचायचे. हे मी ठरवून केलं असं म्हणत नाही. कुठलातरी महिना निवडायचा होता, हात तिथे गेला.

रविवारी सकाळी रायपूरहून फोन यायचा. बूथवरून बोलत असायचे, मागे कुणीतरी घाई करत असायचं.

"बरी आहेस?"

"हो. तुम्ही?"

"बरा. खाणावळ ठीक आहे. तुझं ते ठरलं का?"

"अजून नाही. थोरलं फार जड आहे, आणि मधलं वेबसाइटला चालेलसं वाटत नाही."

"नीट बघून ठरव. घाई करू नकोस."

मी घाई करत नव्हतेच. ते विचारत होते ते सॉफ्टवेअरबद्दल नव्हतं आणि मी सांगत होते तेही नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं, की जोपर्यंत ठरत नाही तोपर्यंत कुणाला काही सांगावं लागणार नाही. फोन ठेवला की मला हलकं वाटायचं. आनंद नव्हे. हलकं.

संक्रांतीला श्रीकांत आले. गाडी धुक्यामुळे इतकी उशिरा आली की सकाळचे पोचायचे ते जेवणं झाल्यावर पोचले. हडकले होते. मफलर नवीन होता, मी न विणलेला. नेमका त्याच दिवशी आमच्याकडे हळदीकुंकवाचा बेत. ग्वाल्हेरात आपल्या बायका इतर वेळी दोन वाक्यं मराठीत बोलून तिसरं हिंदीत टाकतात, पण हळदीकुंकवाला अगदी कडक मराठी होतात, अत्तरदाण्या निघतात, ठेवणीतल्या पैठण्या निघतात. आणि घरातल्या पुरुषांना या वेळी पुढच्या खोलीत थारा नसतो. श्रीकांतना चहा दिला आणि मागच्या खोलीत पिटाळलं. तिथे एक पलंग, एक कपाट आणि कंप्यूटर.

पुढे बायकांनी मला घेरलं होतं. "मग सुनंदा, तू केव्हा जाणार गं रायपूरला?" सप्रे काकूंनी विचारलं.

"बघू. इथे एक काम बघतेय."

"काम काय, काम तिकडेही मिळेल. बघ बाई, पुरुष एकटा राहिला की त्याला एकट्याची सवय होते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी कुंकवाची कुयरी घेऊन पुढच्या कपाळाकडे वळले, तेवढ्यात आतल्या दारात श्रीकांत दिसले. बायकांची खोली, त्यामुळे उंबऱ्याच्या आत पाय न टाकता हातानं खूण करत होते. "बघा, करमेना त्यांना!" कुणीतरी म्हणालं. मी कुयरी काकूंच्या हातात दिली आणि आत गेले.

श्रीकांत नीटनेटका माणूस. कुणाच्याही घरी भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की सरळ करून यायचे. बंद पडलेलं घड्याळ त्यांना बघवत नसे. आत करायला काही नाही म्हणून ते कंप्यूटरसमोर बसले, तो सुरू केला, आणि कोपऱ्यातली तारीख चुकीची दिसली.

"अगं, ह्याची तारीख मागे पडली होती. मी नीट केली," ते म्हणाले. "पण आता हे तुझं काहीच उघडत नाहीये. मी काही बिघडवलं का?"

पडद्यावर तीन पाट्या होत्या, एकीवर एक. मुदत संपली. मुदत संपली. मुदत संपली. मी वाकून तारीख पुन्हा मागे नेली, पण एकदा खरा महिना कळल्यावर ती भोळी राहिली नव्हती. तिन्हींनी दार उघडलं नाही.

"ती मीच मागे ठेवली होती."

"का?"

"मुदत संपू नये म्हणून."

 त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "नोव्हेंबर," ते म्हणाले. "ऑर्डर डिसेंबरात आली होती."

"हो."

पुढच्या खोलीतून काकूंनी हाक मारली, "सुनंदा, वाण कुठे ठेवलंयस गं?" माझ्या बोटांना हळदीकुंकू लागलेलं होतं. ते कुठे पुसावं ते कळेना, म्हणून मी हात तसाच धरून उभी होते.

"मग आता?" श्रीकांतनी विचारलं.

हे "आता" विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवस आणि वैद्य झाल्यानंतर इतकं सरळ त्यांनी बघितल्याचं मला आठवत नाही. मला खूप काही बोलता आलं असतं. माझ्या तोंडात एकच वाक्य तयार होतं आणि तेच बाहेर पडलं. "आता हरिशंकरजींच्या दुकानात जाऊनच शिकावं लागेल. त्यांच्याकडे थोरलंही आहे."

"बरं," ते म्हणाले. "हे ठरलं ते बरं झालं."

मी बाहेर गेले आणि वाण वाटलं. प्लास्टिकच्या गाळण्या होत्या त्या वर्षी, हिरव्या आणि गुलाबी. कुणाला गुलाबी हवी होती तिला बदलून दिली. मला वाटलं होतं, ठरलं की काहीतरी होईल. काही झालं नाही. मी सगळ्यांना अत्तर लावलं.

परत जाताना श्रीकांतना पोचवायला मी स्टेशनवर गेले होते. धुक्यात प्लॅटफॉर्मचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आम्ही बाकावर बसून गजक खाल्ली, चुरा पडू नये म्हणून रुमाल पसरून. "क्वार्टर मिळालंय," ते म्हणाले. "ठीक आहे. हवा येते." मी म्हणाले, "हवा येते ते चांगलं." गाडी आली, त्यांनी बॅग उचलली, आणि गाडी तिच्या सवयीनं लगेच निघाली नाही. त्या उरलेल्या वेळात आम्ही समोरच्या माणसाचं होल्डॉल बघत राहिलो.

पुढचं काही फार सांगण्यासारखं नाही. मी टोपी बाजारात बसायला लागले. सकाळी सवाऱ्यांच्या टेम्पोनं बाड्यावर उतरायचं, तिथून चालत. थोरलं शिकले. तो केशरी फेटा पगडीवाल्याच्या वेबसाइटवर लागला, आणि कॅफेत जाऊन मी तो उतरताना पाहिला. आधी तुरा आला, मग एकेक घडी, मग खाली काहीच नाही. पगडीवाले खूश झाले. मग शामियानेवाले, मग मिठाईवाले, मग शाळा. धाकटं खरंच नामशेष झालं. मधलं पत्रिकांपुरतं उरलं. थोरल्याची इतकी रूपं बदलली की पहिलं शिकलेलं आता ओळखूही यायचं नाही. आता तर कापायचं कामच उरलं नाही. ऋतानं मला परवा दाखवलं, ओढणी घातलेली मुलगी आणि मागे कपड्यांनी भरलेली दोरी. तिनं एक बोट टेकवलं. दोरी गेली, कपडे गेले, भिंत गेली. मुलगी उरली. "देखा मामी? एक सेकंद," ती म्हणाली. मी छान म्हणाले. खरंच छान होतं.

तिला मी काय सांगितलं? म्हणाले, जे पटकन हाताला बसेल ते घे आणि सुरू कर, फार दिवस निवडत बसू नकोस. ती म्हणाली, "बस, इतना ही? मला वाटलं तू पूरा लेक्चर देगी." स्वयंपाकघरातून श्रीकांत सोललेले मटार घेऊन आले, वाटी टेबलावर ठेवली आणि तिला विचारलं की राहणार आहेस ना जेवायला. निवृत्त होऊन ते परत आले त्याला आता बराच काळ झाला. आम्ही चांगले राहतो. कुणी विचारलं तर मी हेच सांगते आणि त्यात खोटं काही नाही.

पण ऋता गेल्यावर मी बराच वेळ गच्चीत उभी होते. धुकं नव्हतं. किल्ला दिसत होता. मला त्या वर्षीचा हिवाळा नाही, त्याच्यानंतरचा मे महिना आठवत होता.

त्या मे महिन्यात मी पहिल्यांदा रायपूरला गेले. दुकानातून चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. श्रीकांत स्टेशनवर आले, रिक्षानं क्वार्टरवर नेलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाट, दोरीवर टॉवेल, स्टोव्ह मागे. आतल्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल होतं. बाकी सगळं सामान सरकारी, रंग उडालेलं. हे टेबल तेवढं नवं होतं, सागवानी, पॉलिश केलेलं. भिंतीवर टेबलाच्या जरा वर विजेचा बोर्ड बसवलेला, त्यात तीन प्लगच्या जागा. टेबलाच्या मागच्या कडेला तारा जाण्यापुरतं एक गोल भोक, कड घासून गुळगुळीत केलेलं. वर कांदे पसरलेले होते आणि घडी घातलेली वर्तमानपत्रं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कंप्यूटरसाठी," श्रीकांत म्हणाले. "क्वार्टरात आल्या आल्या करून घेतलं होतं. सुताराला ड्रॉइंग काढून दिलं. तुझ्या हाताच्या उंचीचं आहे. खिडकी डावीकडे येईल असं ठेवलंय, काम करताना हाताची सावली पडत नाही."

"सांगितलं नाहीत."

"तुझं ठरत नव्हतं. म्हटलं, आधी तुझं ठरू दे. संक्रांतीला सांगणार होतो."

ते एवढं बोलले आणि कांदे गोळा करायला लागले, जणू पसारा दिसला म्हणून त्यांना ओशाळं झालं होतं. मला रडू यायला हवं होतं. मी वाट बघितली. आलं नाही.  त्यांनी कांदे टोपलीत टाकले, मी पदरानं टेबल पुसलं. खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हात वर ठेवले. उंची बरोबर होती. डावीकडून ऊन येत होतं आणि सावली खरंच पडत नव्हती.

परतीचं तिकीट रविवारचं होतं. रविवारी मी गाडीत बसले.